हाकेचा वेग

माझ्या कादंबरीत चमत्कार एकच आहे आणि तो पहिल्याच पानावर सांगून टाकलेला आहे. एका गावाच्या शिवारात एके सकाळी आवाजाचा वेग कमी होतो. इतका कमी, की आवाज माणसाच्या पावलाने चालू लागतो. बाकी सगळे जसेच्या तसे राहते. दूध नेहमीसारखे उतू जाते, ऊन नेहमीसारखे तापते, फक्त दूध उतू गेल्याचा चर्र आवाज बाहेरच्या खोलीत उशिरा पोहोचतो.

विज्ञानकथेत एकच गोष्ट खोटी मानावी आणि बाकी सर्व काटेकोरपणे खरे ठेवावे, असे माझे मत आहे. अहमदपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. प्रयोगाच्या तासाला मी मुलींना सांगायचे, की एका वेळी एकच गोष्ट बदला, तरच काय कशामुळे झाले ते कळेल. कादंबरीही मी त्याच शिस्तीने लिहिली. आवाज पावलाच्या गतीने चालू लागला तर काय होईल? खोलीच्या या भिंतीशी बोललेले त्या भिंतीशी तीन आकडे मोजून झाल्यावर ऐकू येईल. मोटार आधी येईल आणि तिचा हॉर्न मागाहून. दोन माणसे शेजारी शेजारी चालत असतील, तर त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकूच येणार नाही, कारण एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत जाईतो दुसरा पुढे सरकलेला असेल. बोलायचे असेल तर दोघांनाही थांबावे लागेल. आणि एक पुढे, एक मागे असे चालत असतील, तर पुढच्याचे मागच्याला ऐकू येईल. मागच्याचे पुढच्याला मात्र चालता चालता कधीच ऐकू येणार नाही.

कादंबरीचा शेवट या शेवटच्या वाक्यावर उभा आहे. एक मुलगी शिकण्यासाठी घर सोडून निघते. ती थोडी दूर गेल्यावर आई दारातून हाक मारते. मुलगी चालते आहे, आणि हाकही तिच्या मागून तिच्याच वेगाने चालते आहे. जोवर मुलगी चालत राहते तोवर हाक तिला गाठू शकत नाही. गावाबाहेर एका दगडावर ती विसाव्याला बसते, तेव्हा कुठे हाक येऊन पोहोचते. मुलगी दचकून वळते. पण तोवर आई आत गेलेली असते.

हा प्रसंग मी कल्पनेने रचलेला नाही. माझे माहेर जळकोटचे. मी लातूरला वसतिगृहात राहून शिकले. सुट्टी संपली की पिशवी घेऊन मी घरातून निघायचे आणि एसटी स्टँडकडे चालत जायचे. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरू लागला की अंगणात शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. मी निघाल्यावर आई दारात येऊन मला हाक मारत असे, हे मला फार वर्षांनी धाकट्या भावाच्या बोलण्यातून सहज समजले. मला ती हाक एकदाही ऐकू आली नव्हती. त्याबद्दल आईशी मी कधी बोलले नाही. आमच्या घरात असे बोलण्याची पद्धत नाही. मी कादंबरी लिहिली.

अडचण अशी, की आईला वाचता येत नाही. एकदा मी तिला शेवटचे प्रकरण वाचून दाखवायला बसले, तर दोन परिच्छेदांनंतर ती म्हणाली, "शाळेतलं हाय व्हय? राहू दे, डोळे दुखतील तुझे." त्यामुळे नांदेडचा एक दिग्दर्शक या कादंबरीवर चित्रपट काढू म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच: आता हे आईपर्यंत जाईल.

दिग्दर्शक म्हणजे चाळिशीच्या आतबाहेरचा, उत्साही माणूस. लग्नाच्या चित्रफिती काढून त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला होता, आणि दोन लघुपटही केले होते. माझ्या बैठकीत बसून त्याने कादंबरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, लई भारी कल्पना हाय. मराठीत असं कुणी केलंच न्हाई. फक्त एक सांगा, आवाज हळू झाला कशामुळं? तबकडी वगैरे उतरली का?"

"कारण कादंबरीत दिलेले नाही," मी म्हणाले. "ते गृहीत आहे."

"गृहीत पडद्यावर दिसत न्हाई ना, मॅडम."

उडत्या तबकडीवरून आमची पहिली चर्चा दुपारभर चालली. शेवटी तबकडी गेली आणि तिच्या जागी ढगात एक हिरवट उजेड आला. मी तेवढी सूट दिली. शिक्षकाला माहीत असते, की विद्यार्थ्याला एखादे चुकीचे चित्र काढू दिले तर पुढचे गणित तो मन लावून करतो.

हा अनुभव या विद्यार्थ्याला लागू पडला नाही. पटकथेच्या बैठकीसाठी मी अहमदपूरहून नांदेडला जात असे, आणि प्रत्येक वेळी कागदावर नायक आणि नायिका गोदावरीच्या घाटावरून गप्पा मारत चालत असत.

"त्यांना एकमेकांचे ऐकू येणार नाही," मी म्हणायचे.

"पण शेजारीच चालून राहिले की."

"म्हणूनच ऐकू येणार नाही. त्यांना थांबवा, नाही तर एकाला मागे ठेवा. पुढच्याचे मागच्याला ऐकू येईल, पण मागच्याचे पुढच्याला नाही."

त्याने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे नवरा पुढं, बायको मागं. नवऱ्याचं बायकोला ऐकू येतंय आणि बायकोचं नवऱ्याला न्हाई. मॅडम, याला हिरवा उजेड कशाला पाहिजे? आमच्या घरी रोज चालू हाय."

मी हसले, आणि आता त्याला नियम कळला असे समजले. पुढच्या बैठकीला दोघे पुन्हा घाटावर शेजारी शेजारी चालत होते. यावेळी गाणेही होते.

अखेर मी शाळेतला उपाय केला. चित्रपटातल्या प्रत्येक प्रसंगासाठी एक तक्ता केला: बोलणारा कुठे, ऐकणारा कुठे, दोघांत अंतर किती, आवाज किती उशिरा पोहोचणार. कुणालाही कळेल इतका सोपा तक्ता होता तो. दिग्दर्शकाने तो आदराने घेतला आणि फाइलला लावला. "शूटिंगच्या वेळी आवाजाचं टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आपल्याकडं सगळं नंतर डबिंगला होतं. नट नुसते ओठ हलवत्यात, बोलणं मागून बसवतो. तुमचा तक्ता तवा लागंल."

चित्रीकरण लोह्याच्या बाहेर एका वस्तीवर झाले. शेवटचा प्रसंग होता त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मुलीची भूमिका लोह्याचीच एक कॉलेजातली मुलगी करत होती, आणि आईची भूमिका नांदेडच्या नाटकांत काम केलेल्या एक बाई. मुलीला एवढेच करायचे होते, की मागून हाक आली तरी न वळता चालत राहायचे. ते तिला जमेना. बाईंनी दारातून तिच्या नावाने हाक मारली, की ती चालता चालता "ओ!" म्हणून जागीच उभी राही.

"अगं, ओ देऊ नको," दिग्दर्शक ओरडला. "तुला ऐकूच आलेलं न्हाई."

"हाव, कळलं सर."

पुन्हा हाक. पुन्हा "ओ!"

आमच्या भागात मोठ्या माणसाने हाक मारली आणि लेकराने ओ दिली नाही, तर ते लेकरू वाया गेले असे समजतात. ही सवय चालणे शिकण्याच्या आधी लागते. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, त्या आईसारखंच बोलवत्यात," ती म्हणाली. "तोंडातून निघून जातंय." शेवटी मीच सुचवले, की बाईंनी आवाज काढूच नये, नुसते ओठ हलवावेत. मग मुलगी नीट चालली. दगडावर जाऊन बसली. मी दुरून हात वर केला, तेव्हा ती दचकून वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते कादंबरीत लिहिता आले नव्हते इतके खरे होते. वस्तीवरच्या बायकाही कामे सोडून बघत राहिल्या. त्या दिवशी परतताना मला वाटले, की बाकी गाणी आणि हिरवा उजेड काहीही असो, एवढा एक प्रसंग तरी आपला झाला.

नांदेडच्या संकलकाने मग कच्ची प्रत तयार केली. त्यात संवाद तक्त्याप्रमाणे उशिरा लावलेले होते. मी स्वतः शेजारी बसून ते करून घेतले. शेवटची सफाई लातूरच्या एका स्टुडिओत व्हायची होती. आवाज स्वच्छ करणे, संगीत भरणे, असले ते काम. त्या वेळी मी लातूरला जाणार होते, पण नेमके तेव्हाच आईने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायचे कबूल केले. कित्येक वर्षे ती टाळत होती. "आता काय बघायचं राहिलंय?" असे तिचे उत्तर असे. मी तिला म्हटले, माझा सिनेमा बघायचा आहे. दुसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली, "उदगीरच्या डॉक्टरला इचार." म्हणून लातूरला जाण्याऐवजी मी जळकोटला राहिले आणि तिच्या डोळ्यांत थेंब घालत बसले. कच्ची प्रत बरोबर होती. तिच्यात आता बिघडण्यासारखे काय आहे, असे मी समजले.

पहिला खेळ नांदेडला एका सभागृहात ठेवला होता. भाऊ आईला जीपने घेऊन आला. आई नवी हिरवी साडी नेसली होती, आणि डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा होता. तो तिने दिवे मालवल्यावर काढून नीट पदरात गुंडाळला. मी तिच्या शेजारी बसले.

पहिल्याच प्रसंगात मला चूक दिसली. दुकानात एक गिऱ्हाईक साखर मागते. माझ्या नियमाप्रमाणे त्याचे ओठ हलल्यावर थोड्या वेळाने शब्द दुकानदारापाशी पोहोचायला हवे होते, आणि ते पोहोचल्यावर दुकानदाराने हात हलवायला हवा होता. पडद्यावर ओठ आणि शब्द अगदी एकत्र आले. इतके एकत्र, की सुईच्या टोकाचेही अंतर नव्हते. दुकानदार मात्र, जसा त्याला उभे केले होते तसा, गिऱ्हाइकाकडे थंडपणे बघत राहिला आणि बऱ्याच वेळाने साखरेकडे वळला. सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणाले, "आपल्या वजिराबाद बाजारातलाच दुकानदार हाय बघ."

मग वर्ग आला. शिक्षिका प्रश्न विचारते, पुढच्या बाकावरच्या मुली लगेच हात वर करतात, मागच्या बाकावरच्या उशिरा. माझ्या कादंबरीत ही ध्वनीची गोष्ट होती. पडद्यावर मागच्या बाकावरच्या मुली सरळ मंदबुद्धी दिसत होत्या. घाटावरचे गाणे आले तेव्हा तर गाणारे आणि ऐकणारे यांचे इतके छान जुळले, की माझा नियम त्या गावातून केव्हाच निघून गेला आहे, याची मला खात्री पटली.

मी अंधारात दिग्दर्शकापाशी गेले. "आवाज कुठे गेला?" मी विचारले.

"आवाज तर एकदम क्लीन हाय, मॅडम."

"उशीर कुठे गेला?"

त्याने पडद्याकडे पाहिले. त्यालाही ते तोवर लक्षात आले नव्हते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. "थांबा," तो हळूच म्हणाला, "लोक बघून राहिले. आता काय करता येतंय?"

मी परत आईशेजारी जाऊन बसले. शेवटचा प्रसंग आला. दारात उभ्या आईने जोरात, स्पष्ट, ओठांशी अचूक जुळणाऱ्या आवाजात मुलीला हाक मारली. पुन्हा मारली. मुलगी मान ताठ ठेवून चालत राहिली. सभागृहात च्च च्च झाले. आई हाका मारून थकली आणि आत गेली. मुलगी दगडावर बसली, आणि मग, काहीही ऐकू आलेले नसताना, दचकून वळली आणि रडू लागली. प्रेक्षकांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना सगळे नीट कळले होते: पोरीने आईच्या हाकेला ओ दिली नाही, आणि मग तिला पस्तावा झाला.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. दिग्दर्शक माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "मॅडम, लोक रडून राहिले." त्याच्या आवाजात आनंद होता आणि तो लपवण्याचा प्रयत्नही होता.

परतीच्या वाटेवर लोह्याला चहासाठी थांबलो, तेव्हा बशीत चहा ओतता ओतता आई म्हणाली, "चांगला हाय सिनिमा. खरं दाखवलंस."

"काय खरं?"

"ती पोरगी. तूबी असंच करायचीस. मी इतकी बोंबलायची, तू एकदाबी वळून बघितलं न्हाईस. शिकायला गेली की पोरींचं असंच व्हतं." तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते. चहा गोड झालाय, असे म्हणावे तसे म्हटले होते.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. मला तिथल्या तिथे सांगता आले असते. पण मी त्या वेळी इतकी संतापलेली होते, की आधी चूक दुरुस्त करावी आणि मग बरोबर उत्तर दाखवावे, याखेरीज दुसरा मार्ग मला सुचला नाही. फळ्यावर चुकीचे गणित तसेच ठेवून तोंडी खुलासा करणे माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्याच दिवशी मी अहमदपूरहून लातूरला गेले. स्टुडिओचे मालक हे जुन्या लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळचे. घराण्याचा पूर्वीपासून लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा, आणि आता हा स्टुडिओ. कीर्तन, कव्वाली, निवडणुकीची गाणी सगळे त्यांच्याकडे ध्वनिमुद्रित होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी काही विचारायच्या आधीच अभिमानाने म्हणाले, "बाई, बघितला का पिच्चर? नांदेडवाल्यानं पार खराबा करून पाठवला व्हता. एक डायलॉग ठिकाणावर न्हाई. तोंड हलतंय आधी, बोलणं येतंय मागून. मी म्हटलं, असं बाहेर गेलं तर लोक लातूरला नावं ठेवतील. सगळा पिच्चर एकेक शब्द पकडून बसवला. घरी जेवायलासुद्धा गेलो न्हाई."

"तुम्हाला कुणाला विचारावेसे वाटले नाही का?" मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? नांदेडचं काम असतंच तसं."

लातूरच्या माणसाला नांदेडने काम बिघडवले असे सांगावे लागत नाही. ते तो समोर दिसण्याआधीच मानून चालतो. नांदेडचेही लातूरविषयी तसेच मत आहे. माझी कादंबरी या दोन मतांच्या मध्ये सापडली होती. तक्ता कुठे होता, असे मी विचारले. तक्ता फाइलमध्येच होता. फाइल दिग्दर्शकाच्या कार्यालयात होती. पाठवला होता तो फक्त चित्रपट.

मी त्यांना नियम समजावून सांगितला. कागद घेऊन दार काढले, रस्ता काढला, दगड काढला, मुलगी आणि हाक यांच्यात रेघा काढल्या. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. "तोबा," ते म्हणाले. "म्हंजे ते बिघडलेलं नव्हतं."

"नाही."

"मुद्दाम होतं."

"हो."

"बाई, मग वर लिहायचं ना, की हे असंच हाय म्हणून."

सुरुवातीला पडद्यावर एक पाटी असावी, असे मीच सुचवले होते. तिचा मजकूरही लिहून दिला होता. दिग्दर्शकाने ती काढून टाकली, कारण लोक वाचायला येत नाहीत, बघायला येतात.

जुनी प्रत स्टुडिओच्या मालकांनी दुरुस्त करता करता पुसली होती. नांदेडला संकलकाकडेही ती उरली नव्हती. लग्नसराई सुरू झाली होती आणि संगणकावरची जागा मोकळी करायला त्याने सगळे काढून टाकले होते. म्हणजे सगळे पुन्हा शब्दन्शब्द मागे सरकवायचे होते. मी दिग्दर्शकाला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं बोलू का? मला तीन गावांतून बोलावणं आलंय. महिला मंडळं मागून राहिली. लोकांना कळून राहिलं, रडून राहिले. तुमचा तो उशीर टाकला, तर पहिल्या पाच मिनिटांत ऑपरेटर मशीन बंद करंल."

"पण हा विज्ञानपट आहे."

"पोस्टरवर आता संपूर्ण कौटुंबिक चित्रपट असं टाकलंय."

पुष्कळ वेळ बोलल्यावर तो एवढ्यावर आला, की हवे तर शेवटच्या प्रसंगाची एक वेगळी प्रत मला स्वतःसाठी करून घ्यावी; बाहेर जाणारा चित्रपट आहे तसाच जाईल. स्टुडिओचे मालकही म्हणाले, की एक सीन आत्ता लगेच बसवून देतो, पण सगळा पिच्चर आता जमायचा नाही. हरिनामाचे सप्ते लागले आहेत, लग्ने लागली आहेत.

एकाच प्रसंगात आवाज उशिरा येतो आणि बाकी चित्रपटभर वेळेवर येतो, याला नियम म्हणत नाहीत. एका ठिकाणी लागू पडणारी आणि दुसरीकडे न पडणारी गोष्ट मी विद्यार्थिनीच्या वहीत कधी बरोबर धरली नसती. मी तसे त्यांना सांगितलेही. मग मी त्या पडद्यापुढे बसलेल्या माझ्या आईचा विचार केला, आणि म्हणाले, "बसवा. एवढा तरी बसवा."

मी शेजारी बसून सांगत गेले आणि ते हाक मागे नेत गेले. मुलगी चालते आहे, सर्वत्र शांत. मुलगी बसते. आणि मग, रिकाम्या दारावरून, हाक. मालकांनी ती पुन्हा एकदा लावून ऐकली. "असं व्हय," ते म्हणाले. नवा प्रसंग आणि आधीचा चित्रपट, दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन मी दुसऱ्या दिवशी जळकोटला गेले.

गिरणी आता बंद आहे; तिथे मोबाइलचे दुकान आहे. दुपारी भावाने टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली. मी तिला मुद्दाम आधी काही सांगितले नाही. चांगल्या प्रयोगात निष्कर्ष आधी सांगत नाहीत.

दारातल्या आईचे ओठ हलले. शांतता. मुलगी चालत राहिली.

"आवाज गेला गं," आई म्हणाली.

"थांब जरा."

मुलगी दगडावर बसली. दार रिकामे झाले. मग हाक आली आणि मुलगी वळली.

"मागं पडलाय आवाज," आई म्हणाली. "नांदेडला बरोबर होता. कुणी बिघडवला? दुरुस्त करून घे की."

मी टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर बसले. मग मी तिला सगळे पहिल्यापासून समजावून सांगितले: आवाजाचा वेग, पावलाचा वेग, मागच्याचे पुढच्याला का ऐकू येत नाही. पलंगाच्या कडेवर बोटे चालवून दाखवली. एक बोट मुलीचे, एक हाकेचे. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. नव्या डोळ्यांनी ती फार टक लावून बघते.

"म्हंजे त्या पोरीला ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही. गिरणी चालू असायची. तू हाक मारतेस हेच मला माहीत नव्हतं."

आई म्हणाली, "मग तवाच सांगायचं की. एवढा सिनिमा कशाला काढलास?"

भाऊ तोंड फिरवून हसू लागला. मी विचारले, "तू काय म्हणून हाक मारायचीस?"

"आता ते ध्यानात हाय व्हय? पोचल्यावर फोन कर म्हणत असंन."

तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. वसतिगृहातही नव्हता. मी ते तिच्या लक्षात आणून दिले.

"मग दुसरं काई असंल," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट बसली. "ते नांदेडचं लाव. आवाज बरोबर असलेलं."

मी भावाला सांगितले, आणि त्याने ते लावले.